तुतीचं पातं

आमच्या ड्रेनोव्यातल्या ओकला लोखंड वर्षातून एकदाच लागतं, आणि तेही पाद्रीबाबांच्या हातून. स्पासोव्दानला, म्हणजे ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी येणाऱ्या गुरुवारी, ते एका छोट्या सुरीने खोडावरचा जुना क्रूस कोरून पुन्हा ताजा करतात. एरवी त्या झाडाला कुणी खिळा मारत नाही, फांदी तोडत नाही, खाली पडलेली काटकीसुद्धा चुलीत घालत नाही. अशा झाडाला आम्ही झापिस म्हणतो. ड्रेनोवा खेडं होतं आणि इथे चर्च नव्हतं, तेव्हा हेच आमचं चर्च. आता ड्रेनोव्याला शहराने गिळलंय. झाडाच्या एका अंगाला आठ मजली इमारती, दुसऱ्या अंगाला अकरा नंबर बसचा शेवटचा थांबा. नियम मात्र तोच. कुणी म्हणे फांदी तोडली तर त्याची गाय आटली, कुणी खिळा ठोकला तर त्याची बायको पळून गेली. गाय तशीही म्हातारी होती आणि बायको तशीही पळणारच होती, पण हे ऐकून कोण घेतो?

मी मिलुंका. नगरपालिकेच्या उद्यान खात्यात एकतीस वर्षं झाडांची चाकरी करतेय. शहरातली झाडं जंगलातल्यांसारखी नसतात. मुळांवर डांबर, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, उन्हाळ्यात भिंतींची धग. वरून धडधाकट दिसतात, पण गाठीला काही नसतं. जंगलातल्या ओकची पानं सुरवंटांनी एखाद्या वर्षी खाल्ली तर तो नवी पानं काढून मोकळा होतो. शहरातला ओक तीच नवी पानं पोटाला चिमटा काढून काढतो, आणि मग जो रोग पहिला दारात येईल त्याला बळी पडतो. नव्या मजुरांना हे मीच शिकवते. म्हणून जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

मागच्या वर्षी फेब्रुवारीतच आम्हाला दिसत होतं की हे सुरवंटांचं साल आहे. पतंगाच्या माद्या उन्हाळ्यात खोडावर अंडी घालतात, त्यावर स्वतःच्या अंगावरची लव पसरतात आणि मरतात. पिवळट, मऊ पुंजके, जुन्या स्पंजाच्या तुकड्यांसारखे. एकेका पुंजक्यात पाचशे अंडी, कधी हजार. हिवाळ्यात ते लोखंडी पात्याने खरवडायचे, डब्यात पाडायचे आणि वर रॉकेल ओतायचं. झालेल्या झाडावर चुन्याचा ठिपका द्यायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं. हात गारठतात, ती लव मनगटाला लागून रात्रभर खाज सुटते, मान मोडते. पण काम काही अवघड नाही.

एका शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी आणि माझी जोडीदारीण यागोदा झापिसपाशी पोचलो. खाली खोडावर चारपाचच पुंजके होते, ते मी हातमोज्यानेच ओरबाडून काढले. वर मात्र जाड फांद्यांच्या पोटाला नुसता खच. मी शिडी लावते न लावते तोच समोरच्या इमारतीतून बोगोसावकाका आले. वर जाडजूड कोट, खाली पायजमा, पायात सपाता.

"ए पोरी, थांब! काय आहे हातात?"

"पातं आहे, काका. सुरवंटांची अंडी काढतेय."

"लोखंडाचं?"

"छे, सोन्याचं. खात्याने यंदा सगळ्यांना सोन्याची वाटलीत."

"मस्करी पुरे. या झाडाला लोखंड लावायचं नाही. तुझी आजी असती तर कानाखाली वाजवली असती तुझ्या."

आता काका म्हणजे कोण ते सांगते. वय एकोणऐंशी, जन्मभर पिंपं बनवण्याचा धंदा. आमच्या भागातल्या निम्म्या घरांची प्लमची दारू अजून त्यांच्याच तुतीच्या पिंपांत मुरते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाहीत. हातभर अंतरापलीकडचं त्यांना सगळं धुकं. तरी तळघरातल्या गॅरेजमध्ये बसून अजून फळ्या घासतात, अंगठ्याने चाचपून आणि नाकाने हुंगून. आणि त्या वर्षी स्पासोव्दानच्या यजमानपणाची पाळी त्यांची होती. सणाची जाडजूड, पावासारखी पोळी त्यांच्या घरची, मेणबत्ती त्यांची, जेवण त्यांचं. चाळीस घरांत फिरत फिरत पाळी येते. मागच्या वेळी आली तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. पुढच्या वेळी येईल तेव्हा ते नसतील, हे त्यांना आणि आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"काका," मी म्हटलं, "हे काढलं नाही तर तुमच्या स्पासोव्दानला झाडावर पान दिसणार नाही."

त्यांनी वर पाहिलं. काय दिसलं असेल ते असो. "सोमवारपर्यंत थांब," ते म्हणाले. "पाद्रीबाबांना विचारतो. काहीतरी वाट निघेल."

मी शिडी उतरवली. यागोदा म्हणाली, "बाई बाई! तू कधीपासून एवढी देवभोळी झालीस?" मी नुसती मान हलवली आणि तिला तसं समजू दिलं. खरं तर देव माझ्या ध्यानीमनी नव्हता. थंडी होती, शुक्रवार होता, घरी बीन्सचं कालवण शिजत ठेवलं होतं. काकांनी मला अडवलं नव्हतं, लवकर घरी जायला निमित्त दिलं होतं.

सोमवारी सकाळी काका बसथांब्यावर माझी वाट पाहत उभे होते. कोटाच्या आतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. लाकडी पातं. हातभर लांब, मूठ गोल, टोकाला उतरती धार, नखाएवढी पातळ. मी आयुष्यात बरीच अवजारं हाताळली, इतकं देखणं एकही नाही.

"पाद्रीबाबा म्हणाले, लाकडाला मनाई नाही," काका म्हणाले. "तुती आहे. जुन्या पिंपाची फळी, चाळीस वर्षं मुरलेली. दोन दिवस घासत होतो. साल दुखावणार नाही आणि अंडं मागे राहणार नाही."

"अगंबाई, याने धिरडी काय सुरेख उलटतील!" यागोदा खिदळली.

"खुशाल उलट. पण आधी माझं झाड करा."

"आजच करते, काका," मी म्हटलं.

त्या दिवशी पाणी आणि बर्फ एकत्रच पडत होतं, म्हणून शाळेमागची झाडं आधी घेतली, तिथे आडोसा होता. मंगळवारी माझा गुडघा धरला. बुधवारी खात्यात बैठक. गुरुवारी शिडीची गाडी दुसऱ्या वॉर्डात गेली. पातं आठवडाभर माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात होतं, वाकले की बरगडीला टोचायचं. आज नको उद्या, उद्या नको परवा. आणि एक विचार होता तो लपवत नाही: इतकी वर्षं उभं असलेलं झाड, त्याला चार अळ्यांनी काय होणार! नव्या मजुराने असं म्हटलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

शुक्रवारी बसमधून उतरले तर काका झाडापाशी. खोडावर तळहात फिरवत होते, जितका पोचेल तितका.

"खाली तर गुळगुळीत लागतंय," ते म्हणाले. "वरचं मला दिसत नाही. झालं का गं?"

आणि मी म्हटलं, "झालं."

एवढंच. मी काही ते आधी ठरवून म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण काही नव्हतंच. झापिसला चुन्याचा ठिपका देत नाहीत, त्यामुळे कुणी तपासायला येणार नव्हतं. मनात म्हटलं, सोमवारी येऊन करून टाकू, म्हणजे खोटं आपोआप खरं होईल. सोमवारी मी आले नाही. यागोदालाही सांगितलं, झापिस मी एकटीनेच उरकलं.

"लाकूड चाललं ना?" काकांनी विचारलं.

"लोण्यासारखं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या दिवशी घरी प्लमच्या दारूची बाटली पाठवून दिली. मी ती ठेवून घेतली, आणि पंधरा दिवसांत संपवलीही.

एप्रिलच्या शेवटी ओकला पालवी फुटली आणि त्याच आठवड्यात अंडी उबली. सुरुवातीला काही दिसत नाही. केसाएवढ्या काळ्या अळ्या धाग्यांना लोंबकळतात, वाऱ्याबरोबर इकडून तिकडे जातात. मग पानांना भोकं. मग नुसत्या शिरा. मेच्या मध्यावर झाडाखाली उभं राहिलं की वरून सतत बारीक टपटप ऐकू यायची. ती त्यांच्या विष्ठेची. बसची वाट पाहणारे लोक छत्र्या उघडून उभे राहायचे. बोटाएवढे जाड सुरवंट, पाठीवर निळे-लाल ठिपके, खिडक्यांवर, पाळण्यावर, दोरीवरच्या चादरींवर. शाळेमागची आम्ही खरवडलेली झाडं हिरवी होती. झापिस हिवाळ्यातल्यासारखं उघडंबोडकं, तेही ऐन उन्हात.

पळवाटा मी पुष्कळ शोधल्या. अळ्या वाऱ्यावर कुठूनही येतात. टेकडीवरच्या जंगलातून आल्या असतील. यंदा सगळीकडेच आहेत. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि एकाचाही उपयोग झाला नाही. शाळेमागची झाडं तिथून तीनशे पावलांवर होती.

स्पासोव्दानला मिरवणूक निघाली. क्रूस, निशाणं, इमारतींना वळसा, पार्किंगमधून, पेट्रोल पंपाला फेरी मारून झाडापाशी. पाद्रीबाबांनी क्रूस कोरला तेव्हा सुरीवरसुद्धा एक सुरवंट चढला. काकांच्या पोळीवर त्यांनी पांढरा रुमाल धरला होता, आणि रुमालावर टपटप टपटप. चाळीस वर्षांनी आलेली पाळी, नवा कोट, न्हाव्याकडून नीट करून आणलेल्या मिशा. सावली कुठेच नव्हती. लोक डोक्यावर वर्तमानपत्रं धरून जेवायला बसले.

बसचालक रादोयेची जीभ एरवीही सैल. दोन पेले पोटात गेल्यावर तो ओरडला, "काका, लाकडाने खरवडलंत म्हणे! पुढच्या वर्षी चमचा घ्या! नाहीतर नुसती फुंकर मारा!"

सगळे हसले. काका उभे राहिले. मला वाटलं, आता याची खरडपट्टी काढणार. पण त्यांनी टोपी काढली.

"रादोये खरं बोलतोय," ते म्हणाले. "मिलुंका लोखंड घेऊन आली होती. तिला कामाची जाण आहे. मी हट्टाने तिच्या हातात लाकूड दिलं. बिचारीने माझ्या शब्दाखातर त्याने काम केलं. लाकडाने ते होणार नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. हे झाड माझ्यामुळे असं झालंय. मला माफ करा."

सगळं टेबल माझ्याकडे वळून पाहायला लागलं, आणि त्या नजरांत दया होती. माझ्याबद्दल! यागोदाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तोंड उघडायची हीच वेळ होती. माझ्यासमोर कोकराच्या मटणाचं ताट होतं. मी मूग गिळून बसले आणि मटण खात राहिले.

मग पुढच्या वर्षीच्या यजमानाला मेणबत्ती आणि अर्धी पोळी द्यायची वेळ आली. ज्याची पाळी होती तो म्हणाला, यंदा घरात आजारपण आहे. त्याच्या पुढचा म्हणाला, आम्ही बेलग्रेडला राहायला जातोय. मरत्या झाडाचं यजमानपण कुणाला हवं? काका मेणबत्ती धरून उभे, मेण बोटांवर ओघळतंय, आणि कुणी हात पुढे करीना. तेव्हा मी उठले आणि मेणबत्ती घेतली.

"बघा, याला म्हणतात मन!" कुणीतरी म्हणालं. मेले मी शरमेने, पण मेणबत्ती नीट धरून ठेवली.

जुलैत ओकने दुसऱ्यांदा पानं काढली. लहान, फिकट, आजारी मुलाच्या हातांसारखी. काकांना लोकांनी सांगितलं, तेव्हा ते लहान पोरासारखे खूश झाले. मला मात्र पुढचं दिसत होतं. कोवळ्या पानांवर आठ दिवसांत भुरी आली, सगळं झाड पीठ शिंपडल्यासारखं पांढरं. त्यात पाऊस नाही. काका रोज सकाळी दोन डबे पाणी ढकलगाडीवर घालून आणायचे आणि खोडाशी ओतायचे. एवढ्या झाडाला दोन डबे म्हणजे काय? शिवाय खोडाशी ओतलेलं पाणी झाडाला मिळतच नाही, पाणी पिणारी मुळं दूरवर डांबराखाली असतात. मी हे त्यांना सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण त्यांच्यासमोर उभं राहणंच मला जमत नव्हतं. त्या वेळी मी अकरा नंबरच्या बसमधून एक थांबा आधीच उतरायला लागले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. दोनदा खात्याचा टँकर कुणाला न विचारता तिकडे वळवला, चालकाला सिगारेटी देऊन. त्याने झाडाला थोडं बरं वाटलं असेल. मला नाही वाटलं.

पातं स्वयंपाकघराच्या खणात होतं, डाव-चमच्यांमध्ये. खण उघडला की ते वर. मी खण उघडायचाच बंद केला आणि काटे-चमचे भांड्यात उभे ठेवायला लागले.

ऑगस्टमध्ये माद्यांनी पुन्हा अंडी घातली. शरद ऋतूत शेंडे वाळायला लागले, आणि बसथांब्यावर आलेली एक मोठी फांदी पुरती मेली. खात्याच्या इंजिनियरबाई येऊन बघून गेल्या. "खोडकिडा लागलाय," त्या म्हणाल्या. "अशक्त झाडाचा वास त्याला लांबून लागतो. फांदी लोकांच्या डोक्यावर आहे, वसंतात कापावी लागेल. बाकीचं झाड वाचेलही, पण आणखी एकदा पानं गेली तर नाही." आणि मला म्हणाल्या, "तुम्ही तर खरवडलं होतं ना?" मी म्हटलं, "हो."

मग हा फेब्रुवारी आला. काकांनी निरोप पाठवला: झापिसचं काम कधी आहे ते कळव, मी येणार आहे. मी म्हटलं, मंगळवारी सकाळी दहाला. यंदा मी ते झाड स्वतः करणार होते, एकटी, शेवटच्या अंड्यापर्यंत. त्याने मागचं भरून निघेल असं मनाला समजावत होते.

सोमवारी संध्याकाळी काकांचा फोन. "माझं पातंही आण," ते म्हणाले. "कुठे कमी पडलं ते बघायचंय मला."

मंगळवारी सकाळी कॉफी पिऊन झाल्यावर मी खण उघडला. पातं जसंच्या तसं, धार कोरी, लाकूड मधाच्या रंगाचं. जन्मभर पिंपं केलेल्या माणसाला हे दाखवायचं? मग मी जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. पातं घेऊन जिन्यात गेले आणि सिमेंटच्या पायरीवर धार घासली, बोथट होईपर्यंत. कपातला कॉफीचा गाळ बोटाने चोळून लाकूड काळपट केलं. पुसलं. लांब धरून पाहिलं. झाडावर वापरलेल्या अवजारासारखं दिसत होतं. शेजारीण जिना उतरत होती. ती म्हणाली, "काय गं, सकाळी सकाळी?" मी म्हटलं, "काही नाही, धार लावतेय."

काका झाडाखाली उभे होते. हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी लोखंडी पातं काढलं, त्यांच्या गॅरेजमधलं, नवं, तेल लावलेलं.

"घे," ते म्हणाले. "यंदा लोखंडाने कर. जे व्हायचं ते मला होऊ दे, मी पाद्रीबाबांनाही सांगितलंय. माझ्या आज्याने मला शिकवलं, बापाने शिकवलं. ते चुकले, आणि त्यांच्या नादाने मी झाडाच्या जिवावर उठलो."

ते शांतपणे बोलत होते. ऐंशी वर्षांच्या माणसाने आयुष्यभर धरून ठेवलेली गोष्ट माझ्या एका शब्दापायी हातातून सोडली होती.

"लोखंड नको काका," मी म्हटलं. "लाकडानेच करू."

"लाकडाने काय झालं ते गावाने पाहिलं. दाखव इकडे."

मी पातं दिलं. त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं, मग तो नाद सोडला, डोळ्यांचा उपयोग नव्हताच. अंगठा धारेवरून फिरवला. एकदा, दोनदा. बोटाच्या टोकाने काहीतरी टिपलं आणि दोन बोटांत चोळलं.

"वाळू," ते म्हणाले.



मग त्यांनी पातं नाकाशी नेलं.

"कॉफी."

अकरा नंबरची बस आली, दारं उघडली, कुणी चढलं नाही, दारं मिटली, बस गेली.

"झाडाची साल लाकडाला तिरकं झिजवते," काका म्हणाले. "हे सपाट घासलंय. सिमेंटवर. आजच घासलंयस, चुरा अजून सुटा आहे."

"काका..."

"एकदा तरी लावलं होतंस का झाडाला?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. मला कंटाळा आला होता काका. दुसरं काही कारण नव्हतं. आणि मग तुम्ही विचारलंत, आणि मी हो म्हटलं."

मी वाट पाहत होते. शिवी, थप्पड, थुंकी, काहीही चाललं असतं. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, "मग लाकूड पुरलं असतं?"

"काय?"

"लाकडाने झालं असतं काम? खरं सांग. आता तरी खरं सांग."

"झालं असतं," मी म्हटलं. "वाऱ्यावर थोड्या अळ्या आल्या असत्या, शेंडा खाल्ला असता. पण झाड राहिलं असतं. फांदीही राहिली असती."

आणि ते हसले. तोंडभर, दात नसलेल्या हिरड्या दिसेपर्यंत. त्यांनी टोपी काढली, झाडाला पाठ टेकली आणि डोळे पुसले. "पुरलं असतं!" ते म्हणाले. "म्हणजे आज्या खोटं बोलला नाही! पोरी, वर्षभर मला झोप नाही. मला वाटत होतं, आमचं सगळंच खोटं होतं."

त्यांचा तो आनंद मला बघवेना. वर्षभर मी त्यांच्याकडून काय घेऊन बसले होते ते मला तेव्हा कळलं. झाडाचं नुकसान मला माहीत होतं, हे माहीत नव्हतं.

त्यांनी लोखंडी पातं पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं. मग हसू विरलं.

"मी सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागितली. तू तिथेच होतीस."

"हो."

"मटण खात होतीस."

"हो."

"कसं होतं?"

"घशाखाली उतरत नव्हतं, काका."

"पुन्हा खोटं. दोनदा वाढून घेतलंस. डोळे गेलेत माझे, कान नाही."

त्यांनी खिशातून चाकू काढला, खाली बसून पात्याची धार पुन्हा तासली, अंगठ्याने चाचपत, घाई न करता. मला वाटतं अर्धा तास लागला. मग पातं माझ्या हातात दिलं. "चढ," ते म्हणाले. "डबा मी धरतो."

त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चारशे सदतीस पुंजके काढले. लाकूड खरोखरच लोण्यासारखं चाललं. लव मनगटांत शिरली, दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले. खाई त्याला खवखवे, म्हणतात. मी मलमसुद्धा लावलं नाही. शेवटी काकांनी पातं मागून घेतलं आणि अंगठा फिरवला. "आता बरोबर झिजलंय," ते म्हणाले. "स्पासोव्दानला हे पोळीशेजारी ठेव. लोक विचारतील हे काय. तू यजमान आहेस, तूच सांग."

आज स्पासोव्दान. पोळी पहाटे भाजली. मिरवणूक पेट्रोल पंपापर्यंत पोचली आहे, गाण्याचा आवाज येतोय. झाडाला यंदा पानं आहेत, दोन अंगांना चांगली दाट. तिसऱ्या अंगाला ती मेलेली फांदी. ती कापायचा कागद खात्यात माझ्या टेबलावर आहे, माझी सही झाली की सोमवारी करवत लागेल. लोखंड वर्षातून एकदाच, असं आम्ही म्हणतो. यंदा दोनदा लागणार, आणि दुसऱ्यांदा माझ्या सहीने.

काका सगळ्यांच्या आधी आलेत. त्याच नव्या कोटात. मी त्यांना खुर्ची दिली, पेला भरला.

"ठेवलंस का?" त्यांनी विचारलं.

"ठेवलंय, काका. पोळीच्या उजवीकडे."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे केला आणि टेबलावर चाचपडत, मीठ, मेणबत्ती, पोळीची कडा ओलांडत, बोटांना पातं लागेपर्यंत तो पुढे नेला.